एक अट काढल्यास

त्या पानावर एकूण पाच गोष्टी होत्या. वर संस्थेचं नाव, 'मागोवा'. त्याखाली शोधाची चौकट, जी शोध घेऊन झाला की आपोआप कोरी व्हायची. मधोमध लाल अक्षरांत 'शून्य नोंदी'. त्याच्या खाली 'मागे जा' असं बटण. आणि अगदी तळाला एक फोन नंबर, जो लावला की त्याच खोलीतला, त्याच टेबलावरचा फोन वाजायचा. हे मी लावून पाहिलं होतं.

"पाच," मी वहीत लिहिता लिहिता म्हणाले.

"सहा," तांबोळीचाचा म्हणाले. "मुंगी सोडली तुम्ही."

मुंगी पडद्याच्या काचेच्या आत होती, वरच्या उजव्या कोपऱ्यात, मेलेली. मी बोटाने पुसून पाहिली, तसे चाचा हसले. "सगळेच पुसून बघतात. आत जायला वाट घावली तिला, भाईर यायला न्हाई."

मी पाचाचे सहा केले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. कोल्हापूरला संख्याशास्त्रात एमएस्सी करून मी तिथल्याच एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते आणि माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे मिरजेच्या स्टेशनमागची ही एक खोली. 'मागोवा' संस्था बेवारस मृतदेहांची वर्णनं गोळा करायची: दवाखान्यांकडून, पोलीस ठाण्यांकडून, जिथून मिळतील तिथून. ज्यांच्या घरचं माणूस हरवलं आहे ते लोक इथे येत, वर्णन सांगत, आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले दस्तगीर तांबोळी ते एका बोटाने टाइप करत. टाइप करताना प्रत्येक शब्द ते मोठ्याने उच्चारत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाची ती सवय होती.

शोधून काहीच सापडलं नाही तर जे पान दिसतं, त्याला आमच्या धंद्यात एम्प्टी स्टेट म्हणतात. ते सुधारणं हे माझं काम. आमचे कारखानीस सर म्हणाले होते, "रिकामं पान म्हणजे शटर ओढलेलं दुकान. माणूस तिथनं परत फिरतो. त्याला पुढचं दार दाखव."

मला त्यात वेगळीच गोष्ट खटकत होती. मोजलं आणि शून्य आलं, हे एक. मोजलंच नाही, हे दुसरं. लाल अक्षरातल्या त्या 'शून्य नोंदीं'वरून यातलं कुठलं ते कळत नव्हतं. संस्थेकडे अवघ्या अकरा ठिकाणांहून माहिती येत होती. बाकीच्या ठिकाणी काय आहे याबद्दल पानाला काहीच ठाऊक नव्हतं, पण ते बोलत होतं असं की जणू सगळं जग धुंडाळून आलं आहे.

मी चाचांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर हाय ताई. पण तुम्ही पान बघताय, मी माणसं बघतोय. हे शून्य आलं की माणसं इथनं पळत जातात. घाबरून न्हवं, खुशीनं. पेढे वाटत न्हाईत एवढंच."

हे मात्र मी वहीत लिहिलं. मी तोवर असं धरून चालले होते की रिकामं पान ही वाईट बातमी असते.

नवं पान मी तीन आठवडे घासूनपुसून केलं. लाल रंग काढला. तुम्ही काय शोधलंत ते वर. कुठे कुठे शोधलं त्या अकरा ठिकाणांची नावं. कुठे शोधता आलं नाही तेही. आणि त्याच्या खाली माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा भाग: 'एक अट काढल्यास'. वय बाजूला ठेवलं तर किती नोंदी, उंची बाजूला ठेवली तर किती, कपडे, ओळखीची खूण. प्रत्येकापुढे मोठा ठसठशीत आकडा. वर्णन सांगताना माणसांची चूक होते. शर्ट कुठला घातला होता हे कोणाला आठवतं? एका चुकीपायी खरी नोंद हुकू नये, म्हणून ते.

डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी मी ते पान लॅपटॉपवर घेऊन मिरजेला गेले. खऱ्या माणसांसमोर ठेवून पाहायचं होतं. अशा चाचणीचा एक नियम असतो: बघणाऱ्याने बोलायचं नाही. माणूस अडला, चुकला, तुमच्याकडे पाहू लागला, तरी मदत करायची नाही. गप्प बसून लिहायचं.

खोलीत लाइट नव्हती. चाचांचा कॉम्प्युटर काळा पडला होता आणि बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एक म्हातारी, भाजीवालीसारखा कनवटीला पदर खोचलेली. दुसरी पस्तिशीची, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"या अक्काताई मगदूम," चाचा म्हणाले. "आणि ही त्यांची सून, राजमती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येत्यात. दीड वर्षं झालं."

"लाइट कवा येनार?" म्हातारीने विचारलं.

"बाराला म्हणालेत."

"मंग येकाला येनार. माझ्या मेथीच्या पेंड्या शांताबाईच्या भरवशावर टाकून आल्ये मी. ती तिच्या आदी विकंल का माज्या?"

राजमती पाणी आणायला स्टेशनवर गेली. तेवढ्यात अक्काताईंनी मला, विचारलं नसताना, सगळं सांगितलं. खुळ्या आशेने नाही, सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीसारखं. मुलगा सुकुमार. दूध संघाच्या टेम्पोवर होता. दोन वर्षांपूर्वी डोक्यात काहीतरी बिघडलं. बोलायचा बंद झाला, भिंतीकडे तोंड करून बसायचा. औषधं चालू होती. एक दिवस सकाळी चहा प्यायला, कप धुऊन पालथा ठेवला आणि गेला.

"कप कदी धुवायचा न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तवाच मला कळाय पायजे हुतं."

"पाय टाकत जायचा आसा," त्यांनी बसल्याजागी खांदा एका बाजूला पाडून दाखवला. "ल्हान आसताना उसाच्या गाडीवरनं पडला. डावा पाय आखूड झाला. लई न्हाई, ह्या बोटाएवडा." त्यांनी करंगळीशेजारचं बोट आडवं धरलं. मातीच्या कामाने जाड झालेलं बोट. दोन सेंटिमीटर असेल, मी मनात म्हटलं. "चांभाराकडनं डाव्या चपलीला टायरचा तुकडा लावून घ्यायचा. मंग कुनाला वळकायचं न्हाई."

राजमती बाटली भरून आली आणि त्या थांबल्या.

चाचांनीच मग सुचवलं. "ताईंचा लॅपटॉप बॅटरीवर चालतोय. सगळ्या नोंदी त्यातबी हायत. त्याच्यावर बघू या का?"

"नको," राजमती पटकन म्हणाली. "थांबू की लाइट येस्तोवर."

"मेथी वाळाय लागली आसंल," सासू म्हणाली. "बग जा तितं. तू धावी शिकल्येस, तुला येतंय की."

मी खुर्ची सरकवून दिली. राजमती दहावीपर्यंत शिकलेली होती, तिला टायपिंग जमलं. मला चाचणीसाठी हेच हवं होतं, माणसाने स्वतः करणं. अक्काताई तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या. मी मागे, वही उघडून.

तिने टाइप केलं: पुरुष. वय बेचाळीस. उंची पाच फूट पाच इंच. फिकट निळा शर्ट. हात न थांबता चालले होते. हे वर्णन तिला पाठ होतं. शेवटचा रकाना ओळखीच्या खुणेचा. तिथे तिची बोटं क्षणभर थबकली आणि मग तिने लिहिलं: उजव्या हातावर गोंदण.

मी वहीत लिहिलं: 'खूण?' कारण दहाच मिनिटांपूर्वी मी पायाचं ऐकलं होतं, गोंदणाचं नाही. विसरली असेल असं मला वाटलं. गोंदणही असेल. दोन खुणा असू शकतात. नियमाप्रमाणे मी गप्प बसले.

तिने बटण दाबलं आणि खांदे सैल सोडले. काय येणार हे माहीत असलेल्या माणसाचे खांदे.

नवं पान आलं.

ते वेगळं दिसतंय हे कळायला तिला थोडा वेळ लागला. वरच्या ओळी तिने वाचल्या. मग तिची नजर खाली सरकली आणि तिथेच राहिली. वय बाजूला ठेवल्यास ०. उंची बाजूला ठेवल्यास ०. कपडे बाजूला ठेवल्यास ०. ओळखीची खूण बाजूला ठेवल्यास १.

"न्हाई काय, आत्ती," ती सासूला म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "चला, मेथी वाळंल." आणि तिने लॅपटॉपचं झाकण धरलं.

"थांब."

अक्काताईंना अक्षर येत नव्हतं. पण चाळीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईला आकडे येत होते. त्यांनी पडद्याजवळ वाकून बोट टेकवलं.

"पूज्य," त्या म्हणाल्या. बोट खाली सरकलं. "पूज्य. पूज्य." मग बोट थांबलं. "आनि ह्यो येक. ह्यो येक कशाचा?"

राजमतीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चाचणीतली माणसं अडली की अशीच बघतात, ते मला शिकवलेलं होतं. मी पेन धरून बसले होते.

"पान नंबर हाय त्यो," राजमती म्हणाली.

"पान नंबर वर आसतोय. पावतीवर बगितलाय की मी." मग त्या चाचांकडे वळल्या. "दस्तगीरभाऊ, तुमच्या टीव्हीतली मुंगी हिकडं आली न्हाई न्हवं?"

"न्हाई अक्का," चाचा म्हणाले. "ती तिकडंच हाय."

बाहेर कुठल्याशा गाडीची घोषणा झाली, आधी मराठीत, मग हिंदीत.

"राजमती," म्हातारी म्हणाली. "गोंदान काडल्यावर येक निगतोय व्हय?"

मी वहीत मागे जाऊन पाहिलं. माझी खात्री होती, तरी पाहिलं. त्या दिवशी त्या खोलीत गोंदण हा शब्द कोणीही उच्चारलेला नव्हता. राजमतीने तो फक्त टाइप केला होता, आणि अक्काताईंना वाचता येत नव्हतं.

राजमतीच्याही ते लक्षात आलं. तिचा हात झाकणावरून खाली आला.

"तुम्हास्नी कुणी सांगितलं गोंदणाचं? तुम्हास्नी बाकावर बसवून मी चिठ्ठी देत हुते की."

"ह्यो भाऊ काय मनात लिवतोय? शबूद न शबूद वरडून सांगतोय. पयल्या खेपंलाच ऐकलं मी. म्हटलं, माझ्या लेकाच्या हातावर कवा गोंदलं हिनं?"

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग बोलला का न्हाईत?" राजमती म्हणाली. "दीड वर्षं माझ्याबरोबर येतायसा. हितं बसतायसा. न्हाई म्हटलं की 'बरं झालं' म्हणतायसा."

"तू का न्हाई बोललीस?"

"मी काय बोलणार? हितं यायच्या आधी दवाखान्यात दुसऱ्याच कुणाचा मुडदा बघून आलो तर आठ दिवस अन्न गेलं न्हाई तुमच्या पोटात. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाला, असा धक्का पुन्हा न्हाई सोसायच्या ह्या." ती बोलता बोलता पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "म्हटलं, खरी खूण टाकलीच न्हाई तर काय निघणारच न्हाई. तुम्ही जगशिला तरी."

"आनि मला वाटलं, तुला सोसायचं न्हाई." अक्काताई अजून त्या आकड्याकडेच बघत होत्या. "कुकू लावाय आरशापुडं हुबी ऱ्हायलीस की बगत हुते रोज. म्हटलं, आसू दे गोंदान. हिला सोसंल तवा ही सोताच काडंल."

कोणीच रडलं नाही. मला आठवतं, मी त्याची वाट बघत होते, आणि कोणीच रडलं नाही. चाचा उठले आणि दाराशी जाऊन, पाठ करून उभे राहिले.

ते पान आम्ही पुढे बदललं. अकरा ठिकाणांची नावं तशीच ठेवली, शोधता न आलेल्या ठिकाणांची ओळही ठेवली. एक अट काढल्यास काय होईल तो हिशोब मात्र आपणहून दिसेनासा केला. आता तिथे आधी एक प्रश्न येतो: 'जवळपासच्या नोंदी पाहायच्या आहेत का?' आणि त्याखाली दोन बटणं, एकसारखी, एकाच आकाराची. 'हो' आणि 'आज नको'. कारखानीस सरांनी विचारलं होतं, लोक आलेत ते शोधायलाच ना, मग 'आज नको' कोण दाबेल? दर महिन्याला आकडे येतात. दहातले सहा जण दाबतात.

पण त्या सोमवारी प्रश्न नव्हता. आकडा होता.

"उगड," अक्काताई म्हणाल्या.

राजमती हलली नाही.

"आता दिसलाय त्यो. न दिसल्यागत कसं करायचं? उगड गं."

राजमतीने त्या एकावर क्लिक केलं. पान उघडलं. फोटो नव्हता, नुसत्या ओळी होत्या, बारीक टायपात. तिने वाचायला तोंड उघडलं तेव्हा सासूने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तू न्हाई. ह्या पोरीला वाचू दे. हिचं कुनी न्हाई त्यात."

मी वही खाली ठेवली आणि खुर्ची पुढे घेतली. चाचणीचा नियम तिथे संपला. माझ्या उजव्या हाताला राजमती होती, डाव्या हाताला अक्काताई, आणि दोघींचा श्वास मला ऐकू येत होता.

"कालव्याच्या काठी आढळला," मी वाचलं. "मागच्या वर्षीच्या आषाढात."

"गेला, त्याच्या म्होरल्या म्हयन्यात," अक्काताई म्हणाल्या.

"पुरुष. वय अंदाजे चाळीस ते पंचेचाळीस. उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर."

"म्हंजे किती?"

"पाच फूट पाच इंच."

"तेवडे लई आसत्यात," त्या म्हणाल्या. "बाजारात बग, सगळे तेवडेच."

"फिकट निळा शर्ट. करडी पँट. खिशात काही नाही."

राजमतीने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

"पायांत चपला नाहीत."

"बग," अक्काताई एकदम सरळ बसल्या. "चपली न्हाईत. आनि सुकुमार चपलीबिगर दारातनं पाऊल टाकायचा न्हाई. लाज वाटायची त्याला. शाळंत पोरं चिडवायची तवापासनं. चपली न्हाईत म्हंजे त्यो कुनी दुसराच..."

"आत्ती," राजमती म्हणाली. "कालव्याचं पाणी असतंय. चपला ऱ्हात न्हाईत."

अक्काताईंनी माझ्या हातावर हात ठेवला होता, तो काढला नाही. जाड, खरखरीत, मेथीचा वास येणारा हात.

"पुढं वाचा ताई," राजमती म्हणाली. "शेवटपर्यंत वाचा."

शेवटची एकच ओळ राहिली होती, ओळखीच्या खुणेची. कोणा डॉक्टरने टेप लावून, नीट मोजून लिहिलेली. माझी नजर तिच्यावरून आधीच गेली होती. मी ती जशी होती तशी वाचली.

"गोंदण नाही. उजवा पाय शहाऐंशी सेंटिमीटर. डावा पाय चौऱ्याऐंशी."